उर्सलिंगनचा सरदार इटलीत टोळीचा नायक कसा झाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदाव्या शतकातल्या इटलीत भाडोत्री फौजांच्या नायकांमध्ये एवढे जर्मन सरदार का दिसतात? ते खरे लढवय्ये होते की घोड्यावर बसलेले दरोडेखोर? आणि त्यांच्यातलाच एक, वेर्नर फॉन उर्सलिंगन, छातीवर ‘देवाचा, दयेचा आणि करुणेचा शत्रू’ असे कोरलेली चांदीची पट्टी लावत असे, त्याचे काय?

मध्ययुगीन इटलीतला युद्धखर्च हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मला जे कळले ते आधी सांगून टाकतो. या भाडोत्री टोळ्यांचा जन्म युद्धात झाला नाही, तहात झाला. दोन शहरांची लढाई मिटली की हजारो घोडेस्वार एका दिवसात बेकार होत. घर आल्प्सच्या पलीकडे, घोड्याचा खर्च चालू आणि हाताखालची माणसे तोंडाकडे बघत बसलेली. मोठ्या टोळ्यांची तारीख शोधायला गेलात, तर बहुतेक वेळा तिच्या काही आठवडे आधी कुठला तरी तह झालेला सापडतो.

पण जर्मन माणसे इटलीत आली कशी, हे बघायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. उत्तर आणि मध्य इटली कागदोपत्री पवित्र रोमन साम्राज्याचा भाग होती आणि सम्राट जर्मन होता. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने कोनराड फॉन उर्सलिंगन या स्वाबियातल्या, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या, सरदाराला मध्य इटलीतल्या स्पोलेतोचा ड्यूक केले. पुढे सम्राट झालेला फ्रेडरिक दुसरा तान्हा असताना याच कोनराडच्या बायकोकडे फोलिन्योत वाढला. बार्बारोसाचा मुलगा सम्राट सहावा हेन्री, त्याचा विश्वासू मार्कवार्ड फॉन आनवायलर हा जन्माने उच्चकुलीन नव्हता, राजसेवेतून वर चढलेला माणूस होता, तरी त्याच्याकडे आंकोनाचा मुलूख आला. ११९७ मध्ये हेन्री वारला आणि ही इमारत डळमळली. पुढच्याच वर्षी पोप तिसऱ्या इनोसंटपुढे कोनराडला स्पोलेतो सोडावे लागले. म्हणजे चौदाव्या शतकात वेर्नर फॉन उर्सलिंगन स्वतःला ड्यूक म्हणवत फिरत होता, तो हवेत बोलत नव्हता. त्याच्या घराण्याने इटलीत राज्य केले होते आणि गमावले होते.

बार्बारोसाच्या या होहेनश्टाउफेन घराण्याच्या शेवटच्या दिवसांतही जर्मन घोडदळ हा इटलीतल्या राजकारणाचा हुकमी पत्ता होता. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोंतापेर्तीला सिएनाने फ्लोरेन्सचा धुव्वा उडवला, त्यात याच घराण्यातल्या, सिसिलीच्या राजा मानफ्रेडने पाठवलेल्या जर्मन घोडेस्वारांचा मोठा वाटा होता. सहा वर्षांनी बेनेव्हेंतोला मानफ्रेड स्वतः पडला, १२६८ मध्ये नेपल्सच्या चौकात त्याचा तरुण पुतण्या कोनराडिन याचा शिरच्छेद झाला, आणि सम्राटाच्या नावाने इटलीवर राज्य करण्याचे दिवस संपले. घोडदळाची मागणी मात्र संपली नाही. श्रीमंत शहरे होती, त्यांची आपापसातली भांडणे होती आणि स्वतःच्या नागरिकांनी दुकाने सोडून महिनोन्महिने रणात राहावे, ही अपेक्षा दिवसेंदिवस अवघड होत चालली होती. शिवाय शहराच्या एखाद्या मोठ्या घराण्याच्या हाती फौज देण्यात वेगळाच धोका होता. तो माणूस उद्या शहरच ताब्यात घेईल! परक्या सैनिकाला शहरात ना नातेवाईक ना गट. सत्ताधाऱ्यांना तो त्यासाठीच बरा वाटे.

सम्राट नंतरही अधूनमधून खाली उतरत राहिले, आणि दर वेळी मागे माणसे सोडून गेले. सातवा हेन्री ऑगस्ट १३१३ मध्ये सिएनाजवळ बुओनकोन्व्हेंतोला तापाने गेला. फौज विखुरली, पण त्याचे शेकडो जर्मन स्वार पिसाच्या चाकरीत राहिले आणि दोनच वर्षांत पिसाचा सत्ताधीश उगुच्चोने देल्ला फाज्जुओला याच्या नेतृत्वाखाली त्यांनी मोंतेकातिनीला फ्लोरेन्सला जबर मार दिला.

सम्राट म्हणून बवेरियाचा लुडविग आला तेव्हाचा प्रसंग तर मला या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली वाटतो. १३२८ मध्ये पगार थकला म्हणून त्याचे सुमारे आठशे स्वार बंड करून निघाले आणि लुक्काजवळच्या चेर्रूल्योच्या टेकडीवर तटबंदी करून बसले. सम्राटाने त्यांची समजूत घालायला मिलानच्या सत्ताधारी घराण्यातल्या मार्को विस्कोंतीला पाठवले. त्यांनी त्याला ओलीस धरले आणि पुढे त्यालाच आपला पुढारी केले. १३२९ च्या वसंतात या लोकांनी लुक्का शहरच ताब्यात घेतले आणि विकायला काढले. फ्लोरेन्सवाले घासाघीस करत बसले आणि शेवटी जेनोव्हाच्या गेरार्दो स्पिनोलाने शहर विकत घेतले. थकलेल्या पगाराच्या वसुलीसाठी एक आख्खे शहर बाजारात! या माणसांना कुणी बंडखोर म्हणेल, कुणी ऋणकोच्या दारी बसलेला धनको म्हणेल. त्यांचे स्वतःचे म्हणणे यातले दुसरे, धनकोचे होते, आणि त्यात तथ्य होते.

आता भरतीबद्दल. स्वाबिया आणि ऱ्हाइनकाठचा भाग छोट्या सरदारांनी भरलेला होता. गढी एक, वारस चार, जमीन दर पिढीला तुकड्यातुकड्यांनी वाटली जाणारी. धाकट्या मुलाकडे एक घोडा, एक चिलखत आणि लहानपणापासूनचे युद्धशिक्षण असे. आल्प्सच्या खाली हे सगळे सोन्यात बदलून मिळत होते आणि तेही फ्लोरिनमध्ये, म्हणजे युरोपात कुठेही चालणाऱ्या नाण्यात. पगारपत्रकांतली नावे जुळवून इतिहासकारांनी केलेला अंदाज असा की १३२० ते १३६० या चाळीस वर्षांत सातशेहून अधिक जर्मन पथकनायक आणि किमान दहा हजार जर्मन स्वार इटलीत नोकरीला होते. सगळे सरदार नव्हते, पण पथकाचा नायक बहुतेक करून कुलीन घरातला असे. त्याची माणसे त्याच्याच गावची, त्याच्याच नात्यातली, शेजारच्या गढीतली. ती शहराशी बांधलेली नसत, त्या नायकाशी बांधलेली असत. शहराने करार मोडला, तर पथक एकगठ्ठा निघून जाई.

करार कसा असे हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. मराठी वाचकाला शिलेदार आणि बारगीर यांतला फरक ठाऊक आहे. हे जर्मन स्वार शिलेदार होते, घोडा आणि हत्यार स्वतःचे. मोजणीचे एकक होते ‘बार्बुता’, म्हणजे एक चिलखती स्वार आणि त्याचा एक हलका घोडेस्वार सोबती. असे वीस-पंचवीस मिळून एक निशाण. मुदत काही महिन्यांची. शहराचा कारकून हजेरी घेई. प्रत्येक घोड्याचा रंग, खुणा आणि किंमत वहीत उतरवली जाई, कारण चाकरीत घोडा मेला तर त्याची भरपाई शहराने द्यायची असे. हजेरीला घोडा कमी भरला किंवा नोंदलेल्या घोड्याऐवजी भलताच निघाला, तर पगारातून दंड कापला जाई. मैदानी लढाई जिंकली तर दुप्पट पगार. कैदी, घोडे आणि लूट सैनिकाची, किल्ले आणि जमीन शहराची. नोकरी संपल्यावर अमुक मुदत आमच्याविरुद्ध लढणार नाही, अशी शपथही कलमात असे.

या वह्या वाचताना बखरींतला राक्षस दिसत नाही. घोड्याच्या किमतीवरून हुज्जत घालणारा, उचल मागणारा, दंड माफ करा म्हणून अर्ज करणारा माणूस दिसतो. कोनराडचा कोर्रादो, लांडाउचा लांदो, बाउमगार्टनचा बोंगार्दो करून इटालियन कारकुनांनी ही नावे लिहिली. त्यामुळे माणूस ओळखायला कधी कधी फार वेळ जातो. पण तो ओळखला की त्याच्या नोकरीचा बराचसा मार्ग शहरांच्या हिशेबांतून सापडतो.

या करारात एक मोठे भोक होते. मुदत संपल्यावर त्या माणसाने काय करायचे, याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

वेर्नर त्याच भोकातून वर आला. १३३९ च्या सुरुवातीला वेरोनाच्या मास्तिनो देल्ला स्कालाचा व्हेनिस आणि फ्लोरेन्सशी तह झाला आणि त्याने पोसलेले जर्मन स्वार मोकळे झाले. मिलानमधून हद्दपार झालेल्या लोद्रिसिओ विस्कोंतीने त्यांना गोळा केले, संत जॉर्जचे नाव दिले आणि अडीच हजारांच्या आसपास घोडदळ घेऊन तो आपल्याच घराण्यावर चालून गेला. २१ फेब्रुवारी १३३९ रोजी पाराबियागोच्या बर्फात दिवसभर लढाई झाली. लोद्रिसिओ पकडला गेला आणि दहा वर्षे कोठडीत पडला. मिलानच्या लोकांनी विजयाचे श्रेय संत आंब्रोसला दिले. तो हातात चाबूक घेऊन पांढऱ्या घोड्यावर आला होता, असे ते सांगत. वेर्नर निसटला.

१३४२ मध्ये पिसाने फ्लोरेन्सच्या तोंडचे लुक्का पटकावले आणि लढाई संपली. पुन्हा हजारो माणसे मोकळी. या वेळी वेर्नरने त्यांना कुणा इटालियन दावेदाराच्या मागे नेले नाही. सुमारे तीन हजार स्वारांची ती ‘महाटोळी’ स्वतःच्याच नावाने चालली. सिएनाचा मुलूख, उंब्रिया, रोमान्या असे ती फिरत गेली. गावाबाहेर तळ पडे, पिके आणि गोठे जळू लागत आणि आतून थैल्या बाहेर येत. अखेर उत्तरेतल्या सत्ताधीशांनी मिळून पैसे दिले, टोळी मोडली आणि बरेच जण लूट घेऊन आल्प्स ओलांडून घरी गेले.

छातीवरच्या पट्टीबद्दल माझे मत असे. वेर्नरला स्वतःविषयी असे काही जाहीर करण्यात धंद्याचा सरळ फायदा होता. टोळीकडे शहराचा तट फोडायची यंत्रे क्वचितच असत आणि वेढा घालून महिनोन्महिने बसायची ताकद त्याहून क्वचित. तिचे उत्पन्न भीतीवर चाले. ज्या शहराने आधीच पैसे दिले, तिथे एकही माणूस किंवा घोडा गमावावा लागत नसे. त्यामुळे या वाक्याकडे मी नास्तिकाची कबुली म्हणून बघत नाही. खंडणी लवकर यावी म्हणून केलेली ती दवंडी आहे. पण त्या दवंडीखाली खरी माणसे मरत होती, हेही तितकेच ठाम सांगायला हवे. शहराला तट होते, शेतकऱ्याला नव्हते. टोळीच्या प्रत्येक फेरीची खरी किंमत खेड्यांनी मोजली आणि त्या खेड्यांच्या वह्या कुणी ठेवल्या नाहीत.

नेपल्सच्या राज्यात वेर्नरचे दुसरे पर्व झाले. १३४५ मध्ये आवेर्साला राणी जोआनाचा नवरा आंद्रेयास याचा खून झाला आणि त्याचा भाऊ, हंगेरीचा राजा लुई, सूड घ्यायला उतरला. वेर्नर आधी हंगेरीकडून, मग राणीकडून, मग पुन्हा हंगेरीकडून लढला. जून १३४९ मध्ये मेलेतोला त्याने, कोनराड फॉन लांडाउने आणि हंगेरियन सरदारांनी नेपल्सचे कुलीन घोडदळ मोडले आणि एका दिवसात इतके बडे कैदी हाती आले की त्यांच्या खंडणीवर सारे गबर झाले. वेर्नर घरी परतला आणि १३५४ मध्ये स्वाबियात वारला. त्याने इटलीत एक इंचही जमीन ठेवली नाही. या गोष्टीकडे पुढे परत येतो.

संघटनेची घडी मात्र दुसऱ्याच माणसाने बसवली, आणि तो जर्मन नव्हता. फ्रा मोरियाले हा प्रोव्हान्सचा, एके काळी हॉस्पिटलर या लढवय्या धर्मपंथातला नाइट. १३५३ पासून त्याने महाटोळी पुन्हा उभी केली, तिला खजिनदार, सल्लागार, न्यायाधीश दिले, लुटीच्या वाटणीचे नियम घातले, तळावर बाजार भरवला. फ्लोरेन्स, पिसा, सिएना, रिमिनी, सगळ्यांनी हजारो फ्लोरिन मोजले. २९ ऑगस्ट १३५४ रोजी रोममध्ये तिथली सत्ता हाती असलेल्या कोला दि रिएन्झोने त्याचे डोके उडवले. टोळी मात्र तशीच चालू राहिली, आणि मला यातले हे सर्वांत बोलके वाटते. नायक मेला तरी संस्था टिकली. ती आता लांडाउकडे आली. तो व्युर्टेम्बेर्गच्या काउंट घराण्याच्या एका शाखेतला होता. इटलीत सगळे त्याला काउंट लांदो म्हणत.

लांडाउने पाच वर्षे इटलीला धाकात ठेवले. पोप सहाव्या इनोसंटने त्याच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले, तरी फारसा फरक पडला नाही. त्याला पहिला खरा तडाखा ना राजाने दिला ना पोपने. जुलै १३५८ मध्ये सिएनाने पेरुजाविरुद्ध टोळी भाड्याने घेतली होती. तिकडे जाण्यासाठी फ्लोरेन्सने तिला आपेनाइन्समधून, मार्राडीच्या बाजूने वाट दिली आणि सोबत आपले दूतही दिले. वाटेत सैनिकांनी डोंगरकरी लोकांची घरे लुटली, बायकांवर हात टाकला. बिफोर्कोच्या पुढे दरी अरुंद होते. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर शेतकरी आणि धनगर जमले आणि त्यांनी वरून दगड लोटायला सुरुवात केली. चिलखती घोडदळाला तिथे वळायलाही जागा नव्हती. शेकडो स्वार मेले, त्याहून अधिक घोडे गेले, खुद्द लांडाउ जखमी होऊन शेतकऱ्यांच्या हाती सापडला. पुढे तो सुटला. पण या लोकांना मारता येते, हे इटलीने पाहिले.

पुढच्याच वर्षी फ्लोरेन्सने पैसे द्यायला साफ नकार दिला, पांदोल्फो मालातेस्ताच्या हाताखाली फौज उभी केली आणि जर्मनांसमोर तळ ठोकला. लांडाउने काटेरी फांदीवर रक्ताळलेला हातमोजा ठेवून आव्हान पाठवले. मालातेस्ताने ते हसत उचलले. मग लांडाउ लढला का? नाही, तळ उठवून निघून गेला. वर म्हटले तेच इथे दिसते. टोळी लढाई विकत होती, पण स्वतःच्या खर्चाने ती लढाई करायला नाखूश असे.

मग सगळ्या शहरांनी फ्लोरेन्ससारखे का केले नाही? हिशेब बघा. फौज उभी करायला टोळीच्या मागणीइतका किंवा जास्तच खर्च येई आणि ती फौजही बहुधा जर्मनच असे. १३६४ च्या पिसाविरुद्धच्या युद्धात फ्लोरेन्सच्या बाजूने हाइनरिक फॉन मोंटफोर्ट हा जर्मन काउंटच घोडदळ चालवत होता. शिवाय टोळी शेजाऱ्याच्या मुलखात गेली तर मनातून बरेच वाटायचे. १३६६ मध्ये पोप पाचव्या अर्बनने टोळ्यांविरुद्ध शहरांचा संघ बांधला, पण एकमेकांवरच विश्वास नसलेल्या शहरांचा तो संघ फार चालला नाही. सिएनाचे सगळ्यात वाईट झाले. १३४२ ते १३९९ या काळात तिच्या मुलखात किमान ३७ वेळा टोळ्या घुसल्या. लहान शहराची तिजोरी ते किती सोसणार? खंडणीसाठी नागरिकांकडून सक्तीची कर्जे काढली, त्यांच्या व्याजासाठी कर वाढवले, आणि जळलेल्या खेड्यांतून तो कर यायचा बंद झाला. एकेकाळी फ्लोरेन्सला तोलामोलाची असलेली सिएना मागे पडली, त्यात प्लेगइतकाच या टोळ्यांचाही हात आहे, असे मी मानतो.

१३६१ नंतर फ्रान्समधल्या तहाने मोकळे झालेले इंग्रज आले. (इथेही तहच!) त्यांची ‘पांढरी टोळी’ इंग्रज म्हणून प्रसिद्ध आहे, पण तिचा पहिला नायक आल्बर्ट श्टेर्त्स हा जर्मन होता आणि पुढे गाजलेला इंग्रज नायक जॉन हॉकवुड त्याच्या हाताखाली होता. याच टोळीशी लढताना एप्रिल १३६३ मध्ये कांतुरिनोला लांडाउ मेला. इंग्रज घोड्यावरून उतरून भाले रोवून उभे राहत, थंडीत आणि रात्री हल्ले करत. त्यांचे तीन माणसांचे ‘लान्स’ हे एकक हळूहळू बार्बुतेच्या जागी आले. श्टेर्त्स आणि हानेकिन बाउमगार्टन यांनी पुढे ताऱ्याच्या नावाची टोळी काढली, पण १३६६ मध्ये पेरुजाने फितुरीच्या आरोपावरून श्टेर्त्सचा शिरच्छेद केला.

सगळे जर्मन असेच फटकून राहिले असे नाही. १३७७ मध्ये मिलानच्या बेर्नाबो विस्कोंतीने आपल्या अनौरस मुलींपैकी एक हॉकवुडला दिली आणि दुसरी लांडाउचा भाऊ लुट्झ याला. त्याच बेर्नाबोच्या औरस मुली हाब्सबुर्ग, बवेरिया आणि व्युर्टेम्बेर्गच्या घराण्यांत गेल्या. म्हणजे एकीकडे मिलानचे सोने हुंड्याच्या रूपाने आल्प्स ओलांडत होते आणि दुसरीकडे पगाराच्या रूपाने, आणि ज्या घराण्यांत ते जात होते ती अनेकदा एकमेकांच्या नात्यातली होती.

पण इटलीत राज्य मात्र कुणा जर्मन नायकाने केले नाही. स्फोर्झासारखा इटालियन नायक पुढे मिलानचा ड्यूक झाला. वेर्नर आणि लांडाउ का नाही? माझ्या मते त्यांना ते नकोच होते. त्यांचे लक्ष घरच्या गढीवर होते. इटलीतल्या पैशावर तिकडे जमीन घ्यायची, भावाचा हिस्सा विकत घ्यायचा, गहाण सोडवायचे, हे त्यांचे स्वप्न. इटालियन नायकाला मात्र स्वतःच्या मुलखात पाय रोवायचे होते. त्याच्यामागे गाव होते, नातेवाईक होते, शहरातला गट होता. शहरांनीही चौदाव्या शतकाच्या अखेरीस लांब मुदतीचे करार देऊन, निवृत्तिवेतन आणि जमिनी देऊन असे नायक धरून ठेवायला सुरुवात केली. करारातले ते भोक अशा रीतीने बुजू लागले.

युद्धकलेतही पारडे फिरले. ऑक्टोबर १४०१ मध्ये जर्मनीचा राजा रुप्रेष्ट फ्लोरेन्सच्या पैशावर मोठे घोडदळ घेऊन मिलानवर चालून आला. ब्रेशियाजवळ मिलानचा ड्यूक जान गालेआझ्झो विस्कोंती याच्या इटालियन नायकांनी, म्हणजे फाचिनो काने आणि याकोपो दाल व्हेर्मे यांनी, त्याला असे पिटाळले की त्याची मोहीमच कोसळली. ज्या घोडदळासमोर मोंतापेर्तीला फ्लोरेन्सची रांग फुटली होती, त्याला पाठ दाखवायला लावणारे स्वार आता लोंबार्दी आणि पिएमोंतेतच तयार होत होते. त्यानंतर जर्मन पथके इटलीत येत राहिली, पण इटालियन नायकांच्या हाताखाली, त्यांच्या अटींवर.